कापातली चूक आणि न सापडलेलं शीट

प्रकरण असं आहे. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटातून बेसबॉल खेळाडूंची छोटी रंगीत कार्डं मिळत. वेगवेगळी चित्रं ५२४, आणि पाठीवर तंबाखूच्या १६ छापांपैकी एकाची जाहिरात. संग्राहक या मालिकेला टी२०६ म्हणतात. ही कार्डं आजही हजारोंनी हातोहात फिरतात. ती ज्या मोठ्या शीटवर छापली आणि मग कापली, तसं अखंड शीट मात्र एकही पुढे आलेलं नाही. कोण कुठल्या रांगेत बसला होता हे सांगणारा छापखान्याचा कागदही नाही. आणि तरीही कोण कोणाच्या शेजारी होता, कोण कोणाच्या डोक्यावर होता, हे आज बरंचसं छातीठोकपणे सांगता येतं.

मला या प्रकरणात रस यायचं कारण बेसबॉल नाही. तो खेळ मला आजही धड कळत नाही. माझी नोकरी छापखान्यातली, आणि त्यातही शीट लावण्याची. गिऱ्हाईक व्हिजिटिंग कार्ड घेऊन येतं, आम्ही विचारतो, 'किती अप बसतात?' एका शीटवर जितकी कार्डं बसतील तितके अप. गिऱ्हाइकाला स्वतःचं एकच कार्ड दिसतं. आम्हाला त्याच्या डावीकडचा सोनार आणि उजवीकडचा दंतवैद्यही दिसतो. कटिंग नीट झालं तर या दोघांना एकमेकांचा पत्ता जन्मात लागत नाही. कटिंग चुकलं की सोनाराच्या कार्डाच्या कडेला दंतवैद्याच्या फोन नंबरचे दोन आकडे येतात आणि शिव्या आम्ही खातो. टी२०६चं सगळं संशोधन त्या दोन आकड्यांवर उभं आहे.

आधी कार्ड जवळून बघू. रुंदी १ ७/१६ इंच, उंची २ ५/८ इंच. काडेपेटीहून थोडं लांब. पुढच्या बाजूला चौफेर पांढरी पट्टी, आत खेळाडूचं चित्र, आणि खालच्या पट्टीत तपकिरी शाईत आडनाव आणि संघाचं गाव. पाठीवर एका रंगात जाहिरात. पीडमाँटची निळ्या शाईत, स्वीट कॅपोरलची लाल, ओल्ड मिलची काळ्या. पीडमाँटच्या पाठीवर 'बेस बॉल सिरीज, १५० सब्जेक्ट्स', मध्ये ठसठशीत नाव, 'द सिगारेट ऑफ क्वालिटी' हे ब्रीद आणि तळाशी 'फॅक्टरी क्रमांक २५, दुसरा जिल्हा, व्हर्जिनिया'. हा फॅक्टरी क्रमांक करवसुलीच्या कायद्यातून आलेला. सरकारने स्वतःच्या सोयीसाठी लावलेला हा आकडा शंभर वर्षांनी संग्राहकांच्या कामी आला: एकाच छापाची कार्डं कोणत्या कारखान्यासाठी छापली, हे त्यावरून कळतं.

ही कार्डं पाकिटात आली कशाला? मूळ हेतू अगदी रूक्ष होता. कागदी पाकीट दबून सिगारेट मोडू नये म्हणून आत एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालत. तो कोराच राहण्यापेक्षा त्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक पुढचंही पाकीट घेईल, हे १८८०च्या दशकात कंपन्यांना उमगलं. सिगारेट वळणारं बोनसॅकचं यंत्र तेव्हाच आलेलं, माल बक्कळ तयार होत होता, खपवायचा कसा हा प्रश्न होता. व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८७ मध्ये जगज्जेत्यांची ५० कार्डं काढली, त्यात १० बेसबॉलपटू होते. १८९०मध्ये जेम्स ड्यूकने पाच मोठ्या कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली. स्पर्धक उरला नाही तशी चित्रांची गरजही ओसरली. १९०९ला कार्डं परत आली, आणि १९११च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या मक्तेदारीचे तुकडे करण्याचा निकाल दिला. टी२०६चा काळ या दोन तारखांमध्ये सापडतो. छपाईचं काम न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीकडे होतं.

'टी२०६' हे नाव त्या काळचं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावच्या जेफर्सन बर्डिक यांनी पुढे कार्डांची सूची केली. टी म्हणजे विसाव्या शतकातला तंबाखू, आणि २०६ हा सूचीतला क्रमांक. त्यांनी आपला तीन लाखांहून मोठा संग्रह मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला. असो, बर्डिक हा वेगळ्या लेखाचा विषय.

आता छपाई. पद्धत शिळाछापाची, म्हणजे लिथोग्राफी. बव्हेरियातल्या सोलनहोफेनचा गुळगुळीत चुनखडी दगड, त्यावर तेलकट शाईने चित्र, मग दगड ओला करायचा. पाणी कोऱ्या जागेवर बसतं, छपाईची शाई तेलकट जागेवर. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, नंतरच्या काळात दगडाऐवजी धातूचा पत्रा. आपल्याकडे घरोघरी भिंतीवर टांगलेल्या लक्ष्मी-सरस्वती याच पद्धतीने छापलेल्या. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ला मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथे जर्मन तंत्रज्ञ हेच काम करत होते. त्यामुळे जुनं ओलिओग्राफ भिंगाखाली धरून ज्याने बघितलंय, त्याला टी२०६ ओळखीचं वाटेल. आजच्या फोरकलर छपाईत भिंगाखाली ठिपक्यांची शिस्तबद्ध जाळी दिसते. इथे जाळी नाही. गालावरची लाली हाताने टिपलेल्या ठिपक्यांची, कुठे दाट, कुठे विरळ, आणि शेजारी सपाट, सलग रंगाचा पट्टा. नकली कार्ड पहिल्यांदा मार खातं ते इथेच.

एका चित्राला सहा किंवा जास्त रंग लागत. पण मुद्दा रंगांचा नाही, पुनरावृत्तीचा आहे. काडेपेटीएवढं चित्र एका मोठ्या दगडावर शंभर वेळा हाताने कोण काढणार? म्हणून मूळ दगडावर चित्र एकदाच काढायचं. त्यावरून खास ट्रान्सफर कागदावर तेलकट शाईत हवे तितके ठसे घ्यायचे, ते मोठ्या दगडावर किंवा पत्र्यावर रांगेत मांडायचे आणि घासून उतरवायचे. एका शीटवर शंभर कार्डं आणि सहा रंग धरले, तर सहाशे ठसे. प्रत्येक ठसा आधीच्या रंगाच्या डोक्यावर नेमका बसला पाहिजे, नाहीतर ओठांचा लाल रंग हनुवटीवर. आमच्याकडे याला रजिस्टर जुळवणं म्हणतात. आता संगणक करतो. तेव्हा कोणीतरी पाठ वाकवून, डोळे ताणून करत होता.

यातून निघणारी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ठसा हाताने उतरवलेला असल्यामुळे शीटवरची प्रत्येक जागा किंचित वेगळी निघते. एकाच खेळाडूच्या एकाच चित्रात एका जागी कोपऱ्यात ठिपका राहतो, दुसरीकडे चौकटीची रेघ अर्ध्या केसाएवढी तुटते. ती खूण त्या जागेवरून निघालेल्या प्रत्येक कार्डावर उमटते. म्हणजे कार्ड कुठून कापलं याची मोहोर कार्डावरच असते, वाचता आली पाहिजे एवढंच.

छपाईचा क्रमही कार्डंच सांगतात. काही कार्डांवर खेळाडूच्या चेहऱ्यावर पीडमाँटची जाहिरात फिकट, उलटी उमटलेली दिसते. छापखान्यातला कोणीही बघता क्षणी म्हणेल, सेटऑफ! शीट ओली असताना थप्पी रचली, आणि वरच्या शीटच्या पाठीची शाई खालच्या शीटच्या तोंडाला लागली. तेव्हा आधी पोट छापलं, मग पाठ. पाठ कोरी राहिलेली कार्डंही सापडतात. रंगीत बाजू आगाऊ छापून ठेवायची, आणि ज्या छापाची मागणी येईल त्याची पाठ एका रंगात मारून द्यायची. एकच खेळाडू सात-आठ वेगवेगळ्या जाहिरातींसह का मिळतो, त्याचं उत्तर या व्यवहारी सोयीत आहे.

आता मूळ प्रश्न: शीटवर मांडणी कशी होती?

पहिला साक्षीदार चुकीचा काप. सुरी वर सरकली की कार्डाच्या माथ्यावर, पांढऱ्या पट्टीच्या वर, वरच्या कार्डाचा तळ येतो, म्हणजे वरच्याचं नाव. अशी दोन नावांची कार्डं बऱ्यापैकी सापडली आहेत. गंमत अशी, की त्यातल्या बहुतेकांवर वरचं नाव आणि खालचं नाव एकच. खेळाडूच्या डोक्यावरही तोच खेळाडू! म्हणजे उभ्या रांगेत एकच माणूस खाली खाली लावलेला. थोड्या कार्डांवर मात्र वर वेगळंच नाव निघतं. एकाची रांग संपून दुसऱ्याची जिथे सुरू झाली, ती ही जागा. सुरी आडवी सरकली तर शेजाऱ्याच्या चित्राची कड येते, आणि तिथे बहुधा दुसराच खेळाडू असतो.

व्हिजिटिंग कार्डांच्या शीटवर मीही असंच करतो. कारण साधं आहे. गठ्ठे पाडताना एक उभी पट्टी कापली की ती सगळी एकाच गिऱ्हाइकाची, निवडण्याची भानगड नाही. न्यूयॉर्कच्या त्या कारागिरानेही हाच विचार केला असावा असं मला वाटतं.

दुसरा साक्षीदार एक पट्टी. पाच कार्डांची, आडवी, न कापलेली, प्रूफची, म्हणजे चाचणी छपाईची. तिच्यावर मॉर्डेकाय ब्राऊन, साय यंग, फ्रँक बोअरमन, जॉनी क्लिंग आणि होनस वॅग्नर, असे पाच जण. वॅग्नर हा पिट्सबर्गचा शॉर्टस्टॉप, म्हणजे मैदानातल्या एका ठरलेल्या जागेचा क्षेत्ररक्षक. १९३६मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवडलेल्या पहिल्या पाच जणांपैकी एक. ही पट्टी त्याच्याच घरात सापडली असं सांगतात. तिला घड्या पडल्या आहेत, चित्रांच्या भोवती कापाच्या खुणा आहेत. आडव्या रांगेत पाच वेगळी माणसं! उभ्या कापाच्या चुका सांगत होत्या की उभ्या रांगेत एकच माणूस. दोन्ही साक्षी एकमेकींना धरून आहेत. नुसती पट्टी हाती असती तर मी फार भरवसा ठेवला नसता, कारण प्रूफची मांडणी आणि धावत्या छपाईची मांडणी वेगळी असू शकते. आमच्याकडे रोज असते. पण हजारो मैल लांब, वेगवेगळ्या घरांतल्या पेट्यांमधून निघालेली चुकीच्या कापाची कार्डं तेच म्हणत असतील, तर ऐकावं लागतं.

वॅग्नरचं कार्ड या मालिकेतलं सगळ्यात गाजलेलं, आणि त्याचं कारणही शीटशी जोडलेलं आहे. त्याचं चित्र बॉस्टनच्या कार्ल हॉर्नर या छायाचित्रकाराने काढलेल्या फोटोवरून रंगवलेलं. वॅग्नरची परवानगी मिळवून देण्यासाठी कंपनीने पिट्सबर्गच्या जॉन ग्रूबर या गृहस्थांना १० डॉलर देऊ केले. वॅग्नरने परवानगी नाकारली, आणि तुमचे १० डॉलर बुडू नयेत म्हणून स्वतःचाच चेक पाठवून दिला, अशी हकीकत १९१२ साली 'द स्पोर्टिंग न्यूज'ने छापली. पोरांनी आपल्या चित्रासाठी सिगारेटी घेऊ नयेत म्हणून त्याने नकार दिला असं एक म्हणणं, पैसे पटले नाहीत असं दुसरं. तो स्वतः तंबाखू चघळायचा, तेव्हा पहिलं म्हणणं ऐकताना थोडं हसू येतंच.

कारण काहीही असो, छापखान्याच्या दृष्टीने झालं काय? छपाई सुरू झालेली होती. उभ्या रांगेत वॅग्नर खाली खाली लावलेला, सहा रंगांच्या सहा पत्र्यांवर. काही शीटांच्या पाठीही मारून झाल्या होत्या, म्हणून तो स्वीट कॅपोरलच्या पाठीसह सापडतो आणि पीडमाँटच्या पाठीसह अगदी मोजका. त्याला काढायचं म्हणजे रांगच्या रांग सगळ्या रंगांतून पुसून तिथे दुसऱ्याला उतरवायचं. मात्र त्याच्या डावी-उजवीकडच्यांना धक्का लागायचं कारण नाही. म्हणूनच पट्टीवरचे त्याचे चारही शेजारी आज सहज मिळतात आणि वॅग्नर साठाच्या आतबाहेर. २०२२मध्ये त्यातलं एक ७२.५ लाख डॉलरला गेलं.

याच तर्काने दुसरी एक दंतकथा मला पटत नाही. एडी प्लँक या गोलंदाजाचं कार्डही अतिशय दुर्मीळ. त्याची छपाईची पाटी फुटली, म्हणून कार्ड कमी छापलं गेलं, असं वर्षानुवर्षं सांगतात. आता पाटी फुटली तर एकटा प्लँक कसा फुटेल? तडा आडवा गेला तर त्याच्या रांगेतले शेजारी जायला हवेत. आणि फुटली तरी मूळ दगडावरून नवे ठसे घेऊन दुसरी पाटी चार दिवसांत उभी राहते. या पद्धतीचं बळच ते. शिवाय प्लँक पाठीवर '१५० सब्जेक्ट्स' लिहिलेल्या मालिकेत मिळतो आणि नंतरच्या ३५०च्या मालिकेतही, स्वीट कॅपोरलच्या पाठीसह. म्हणजे तो एकदा निघून पुन्हा आला किंवा रेंगाळत राहिला. अपघाताचं हे लक्षण नाही. माणसांच्या वाटाघाटींचा वास येतो.

चुकांमधून वेळही मोजता येते. फिलाडेल्फियाच्या शेरी मॅगीच्या आडनावात इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी दोन 'ई' आहेत. पहिल्या छपाईत त्यातल्या पहिल्या 'ई'च्या जागी 'आय' पडला. ती चूक फक्त पीडमाँट १५०च्या पाठीसह मिळते, बाकी सगळ्या छापांवर नाव बरोबर आहे. सरळ आहे: पीडमाँटची शीटं सगळ्यात आधी बाहेर पडली आणि पुढच्यांची पाळी यायच्या आत कोणाच्या तरी लक्षात आलं. प्रूफ वाचणाऱ्याच्या नजरेतून आडनाव निसटणं म्हणजे काय, ते लग्नपत्रिका छापणाऱ्याला विचारा. न्यूयॉर्कच्या जो डॉयलची गोष्टही अशीच. शहरात दोन वेगळ्या लीगमधले, म्हणजे वेगळ्या गटांत खेळणारे, दोन संघ, दोन्हीकडे एकेक डॉयल. जोच्या नावापुढे चुकून दुसऱ्या लीगची खूण पडली. ती नंतर काढून टाकली. खूण असलेली कार्डं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

मग येते आकडेमोड, आणि इथे संग्राहकांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मांडणी १२च्या पटीत. दक्षिणेकडच्या छोट्या लीगमधले खेळाडू मालिकेत बरोबर ४८ आहेत, म्हणजे बारा चोक. शिवाय १२ कार्डांची आडवी रांग होते १७.२५ इंच, आणि १९ इंची कागदावर ती मशिनच्या पकडीची जागा सोडून छान बसते. दुसरा तट १७ आणि ३४वर अडून बसलेला. त्याच दक्षिणी खेळाडूंपैकी हिंदू नावाच्या सिगारेटच्या तपकिरी पाठीसह मिळतात ते फक्त ३४. १७ची रांग धरली तर कागद किमान २४.५ इंच हवा, ३४ची धरली तर ४९ इंच. अशक्य दोन्हींपैकी काहीच नाही.

मी या भांडणात पडत नाही, पण एक सांगावंसं वाटतं. सगळं काम एकाच मापाच्या कागदावर झालं असलं पाहिजे, हे गृहीत धरायला छापखान्याबाहेरचा माणूस लागतो. एक मशिन मोकळं असेल तर त्याच्या मापाची मांडणी, दुसरं मोकळं असेल तर दुसरी. पीडमाँटसारख्या तुफान खपाच्या छापाला मोठं शीट, आणि कमी खपाच्या छापाला छोटं, हे कोणताही मालक करेल. अमेरिकन ब्यूटी छापाची कार्डं इतरांपेक्षा किंचित अरुंद आहेत, कारण पाकीट बारीक होतं. शीट तेच, सुरी थोडी आत. पांढरी पट्टी तेवढी अरुंद झाली. कारखान्याच्या मापाला छापखाना वाकतो. उलट कधी होत नाही.

आकड्यांपेक्षा मला तिसऱ्या साक्षीदाराचं जास्त कौतुक आहे: ओरखडे. पीडमाँट १५०च्या काही पाठींवर एक बारीक निळी रेघ दिसते. तिचा जाहिरातीशी संबंध नसतो. अक्षरांमधून तिरकी जाते आणि कार्डाच्या कडेला एकदम तुटते. पत्र्यावर ओरखडा पडला, त्याने शाई धरली आणि प्रत्येक शीटवर ती रेघ उमटली. ओरखड्याला कार्डांच्या हद्दी कळत नाहीत. तो एका कार्डावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर जात राहतो. तेव्हा एका कार्डाच्या उजव्या कडेला जिथे रेघ तुटली, बरोबर त्याच उंचीवर आणि त्याच तिरपेपणाने जिची डाव्या कडेला सुरू होते, ती पाठ मूळ शेजारीण. संग्राहकांनी जुन्या लिलावांची छायाचित्रं आणि एकमेकांची स्कॅन्स मांडून, कार्डामागून कार्ड जोडत, शीटचे मोठाले तुकडे पुन्हा उभे केले. फुटलेल्या रांजणाच्या खापऱ्या जुळवाव्यात तसं. फरक एवढाच, की इथल्या खापऱ्या वेगवेगळ्या रांजणांच्या आहेत, फक्त तडा सारखा.

यात एक गुंता आहे, जो पाठपोट छपाई करणाऱ्याला लगेच कळतो आणि इतरांची डोकी फिरवतो. शीट उलटलं की डावं उजवं होतं. पाठीवरून बघताना जी कार्डं उजवीकडे पसरत जातात, तीच पुढच्या बाजूने डावीकडे जातात. ओरखड्यावरून जोडलेली रांग पुढून वाचायची तर आरशात धरून वाचावी लागते. मी पहिल्यांदा असा जोडलेला नकाशा बघितला तेव्हा नेहमीच्या सवयीने कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरायला गेलो. स्क्रीन होती.

ओरखड्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एकच ओरखडा, त्याच जागी, दोन वेगळ्या खेळाडूंच्या पाठीवर सापडतो. म्हणजे पाठीची पाटी एकच होती आणि तिच्याखालून रंगीत बाजूची एकाहून अधिक शीटं गेली. आगाऊ छपाईचा अंदाज आपण सेटऑफवरून बांधला होता, त्याला हा दुजोरा. आणि एकाच खेळाडूच्या पाठीवर जितके वेगवेगळे ओरखडे, शीटवर त्याच्या निदान तितक्या जागा. उभी रांग किती लांब होती हे मोजायची यापेक्षा खात्रीची पट्टी मला माहीत नाही.

आता उरला शेवटचा भाग, आणि तो कापाचाच आहे. वॅग्नरच्या साठेक कार्डांतलं सगळ्यात देखणं कार्ड पीडमाँट पाठीचं. १९८५मध्ये बिल मास्ट्रो नावाच्या व्यापाऱ्याने ते २५ हजार डॉलरला घेतलं. १९९१ला सदबीजच्या लिलावात आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि ब्रूस मॅकनॉल यांनी ४ लाख ५१ हजार डॉलरला विकत घेतलं. त्याच वर्षी सुरू झालेल्या पीएसए या दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने आपलं अगदी पहिलं प्रमाणपत्र याच कार्डाला दिलं आणि १०पैकी ८ गुण दिले. २००७मध्ये त्याचे २८ लाख डॉलर झाले. इतकं टोकदार, इतकं स्वच्छ टी२०६ असूच कसं शकतं, ही कुजबूज पहिल्यापासून होती. न वापरलेल्या शीटमधून ते नंतर कापलं असेल, असंही म्हणत. २०१३मध्ये मास्ट्रोने लिलावातल्या फसवणुकीच्या खटल्यात गुन्हा कबूल करताना हेही कबूल केलं, की या कार्डाच्या बाजूच्या कडा त्याने स्वतः छाटल्या होत्या. २०१५मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली.

पैशांची फसवणूक ज्याची त्याने मोजावी. मला चुटपुट लागते ती कडांची. त्याच पीएसएच्या पद्धतीत चुकीच्या कापाच्या कार्डाला गुणांपुढे 'एमसी' (मिसकट) अशी खूण मिळते आणि भाव घसरतो. दोन नावांचं एखादं कार्ड, ज्याने उभी रांग कुणाची होती हे सांगितलं, ते त्या खुणेसह प्लास्टिकच्या डबीत बसतं. आणि शीटचा शेजार सांगू शकला असता असा वॅग्नर, क्रमांक १च्या डबीत, दोन्ही बाजूंनी सरळ, नीटस, ज्यावर काहीही लिहिलेलं नाही अशा कडा घेऊन बसला आहे.